रंगाऱ्यांच्या घराण्याबाहेरचा रंग

पावडर कोटिंगला आपण सरसकट रंग म्हणतो. पण त्याची वंशावळ काढायला बसलं तर तिच्यात रंगारी फारसे भेटत नाहीत. भेटतात ते राळेच्या थाळीवर बसलेली धूळ न्याहाळणारा प्राध्यापक, दातांच्या कवळीसाठी नवा मसाला शोधणारा रसायनतज्ज्ञ, धुराड्यातून सुटणारा धूर पकडू पाहणारा संशोधक, कोळशाचा गॅस करणारा अभियंता आणि अणुगर्भ फोडणारे दोन भौतिकशास्त्रज्ञ. यांच्यातल्या एकालाही मोटारीचे भाग रंगवायचे नव्हते. तरी या सगळ्यांची कमाई आज अमेरिकेतल्या हौशी माणसाच्या गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या विजेच्या ओव्हनशेजारी एकत्र नांदते आहे.

तिथलं काम थोडक्यात असं. जुन्या मोटारीचा धातूचा एखादा भाग घ्यायचा. व्हॉल्व्ह कव्हर, पुली, ब्रॅकेट, काहीही. जुना रंग, गंज आणि तेलाचा ओशटपणा काढून तो कोरा करायचा. आटे पडलेली भोकं उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या बुचांनी बंद करायची. भाग तारेने टांगायचा आणि त्याला अर्थिंग द्यायचं. मग गनमधून विद्युतभार दिलेली कोरडी पावडर त्याच्यावर उडवायची. ती भागाला चिकटून बसते, थोडी वळून मागच्या बाजूलाही जाते. आता तो भाग न हलवता, न धक्का लावता ओव्हनमध्ये न्यायचा आणि सुमारे २०० अंश सेल्सियसला दहा ते वीस मिनिटं भाजायचा. मिनिटं मोजायची ती भाग तापल्यावर. ओव्हनचा काटा २०० वर गेला म्हणजे आतलं जाड लोखंड तापलं असं नव्हे. पावडर वितळते, सपाट पसरते, तिचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीचं कवच तयार होतं. ब्रश नाही, थिनर नाही, ओघळही नाहीत.

या वंशावळीतली सर्वांत जुनी शाखा भट्टीची आहे. धातूवर पूड पसरून ती आगीत वितळवायची ही युक्ती मीनाकारांना शतकानुशतकं ठाऊक होती. त्यांची पूड काचेची असे, एवढाच फरक. मोटारीपर्यंत मात्र भट्टी दुसऱ्या वाटेने आली. सतराव्या शतकात जपानहून चकचकीत काळ्या लेपाच्या वस्तू युरोपात जाऊ लागल्या आणि श्रीमंतांना त्यांचं वेड लागलं. ज्या झाडाच्या चिकापासून तो लेप होतो ते युरोपात नव्हतं. म्हणून वेल्समधल्या पॉन्टीपूल गावच्या ऑलगुड कुटुंबाने, आणि मग बर्मिंगहॅमच्या आसपासच्या कारागिरांनी, डांबरासारखी खनिजं आणि जवसाचं तेल यांचं मिश्रण पत्र्याला फासून ते भाजण्याची रीत बसवली. या नकलेला नाव मिळालं ‘जपानिंग’. जॉन बास्करव्हिल हे नाव आज संगणकावरच्या टंकांच्या यादीत दिसतं; त्या बर्मिंगहॅमकराने मुद्रणासाठी पैसा उभा केला तो अशीच भाजलेली तबकं आणि डबे विकून.

विसाव्या शतकात हीच काळी वार्निशं फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर चढली. १९०८ ते १९१४ या काळात ती गाडी लाल, हिरवी, करडी अशीही मिळत असे. १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळी. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून, असं सांगितलं जातं. मला ही गोष्ट अर्धीच खरी वाटते. काळा मसाला स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि एकच रंग ठेवला की कारखान्याची निम्मी डोकेदुखी जाते. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की मोटारीचे भाग भट्टीत घालून भाजायची सवय कारखान्यांना तेव्हापासून लागली. भाजायचं द्रव्य मात्र अजून ओलं होतं. ते पातळ राहावं म्हणून त्यात द्रावक घालायचं, भट्टीत ते हवेत सोडून द्यायचं, आणि विकत घेतलेल्या डब्यातला बराच ऐवज असा धुरात घालवायचा.

भट्टीआधीच्या दोन पायऱ्यांचे पूर्वजही सांगून टाकतो. वाळूचा जोरदार झोत मारून धातू सोलण्याचं पेटंट फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये घेतलं. आजचं सँड ब्लास्टिंग त्याचंच. लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर चढवून गंज रोखण्याची पद्धत बर्मिंगहॅमच्याच टॉमस वॉट्स कॉस्लेट यांची, १९०६ सालची. या थराला रंग घट्ट धरून बसतो. या दोन पायऱ्या दिसायला नीरस आहेत. पण घरी केलेलं कोटिंग वर्षभरात पापुद्र्याने सुटलं, तर दोष बहुधा इथेच निघतो.

आता मुख्य शाखा, विजेची. १७७७ साली जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग हे प्राध्यापक एक भलंमोठं इलेक्ट्रोफोरस तयार करत होते. हे म्हणजे राळेची थाळी घासून तिच्यावर विद्युतभार साठवायचं साधन. थाळी तासून गुळगुळीत करताना राळेची बारीक धूळ खोलीभर उडाली होती. ती जेव्हा पुन्हा थाळीवर बसली, तेव्हा सारखी पसरली नाही. ठिकठिकाणी तारे उमटले, फांद्या फुटल्या. जिथे भार होता तिथे धूळ ओढली गेली होती. लिख्टेनबर्गनी मग मुद्दाम पूड भुरभुरून अशा आकृत्या काढल्या, धन आणि ऋण भारांच्या आकृत्या वेगळ्या येतात हे दाखवलं आणि त्या चिकट कागदावर उचलूनही घेतल्या. पाण्याचा थेंब नाही, डिंक नाही, आणि तरी भुकटी हव्या त्या जागी जाऊन बसते. पावडर कोटिंगचं बीज शोधायचं तर मी याच थाळीवर बोट ठेवीन.

पुढची सव्वाशे वर्षं या करामतीचा कुणाला धंदेवाईक उपयोग सुचला नाही. तो सुचला उलट्या बाजूने. १९०७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्कली इथे फ्रेडरिक कॉट्रेल कारखान्यांच्या धुराड्यांतून सुटणारे आम्लाचे कण आणि धूळ अडवू पाहत होते. त्यांनी टोकदार तारेला उच्च दाबाची वीज दिली. टोकाभोवतीची हवा भारित झाली, तिच्यातून जाणाऱ्या कणांना भार मिळाला आणि ते समोरच्या अर्थिंग दिलेल्या पत्र्याकडे खेचले गेले. आजच्या पावडर गनच्या तोंडाशी असते ती सुई म्हणजे कॉट्रेलची तार, आणि टांगलेलं व्हॉल्व्ह कव्हर म्हणजे त्यांचा पत्रा. त्यांना धूळ हवेतून काढायची होती, गॅरेजवाल्याला ती भागावर बसवायची असते. यंत्र एकच.

तिसरा मानकरी चेस्टर कार्लसन. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा, एका कंपनीच्या पेटंट विभागातला हा माणूस कागदपत्रांच्या नकला करून कंटाळला होता. सुरुवातीचे प्रयोग त्याने राहत्या घराच्या स्वयंपाकघरातच केले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ॲस्टोरियातल्या एका खोलीत त्याने आणि त्याचा मदतनीस ऑटो कोर्नेई याने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारित केला, अक्षरं लिहिलेल्या काचेतून त्याच्यावर उजेड पाडला आणि वरून बारीक पूड टाकली. अंधारात राहिलेल्या अक्षरांवर पूड चिकटली. ती मेणकागदावर घेऊन कागद गरम केला, आणि जगातली पहिली झेरॉक्स प्रत तयार झाली. विजेने बसवा, उष्णतेने पक्कं करा: गल्लीच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्स मशीनमधला टोनर आणि मोटारीच्या चाकावरची पावडर ही सख्खी भावंडं आहेत. एकाला कागद मिळाला, दुसरीला लोखंड.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात हॅरल्ड रॅन्सबर्ग वाया जाणाऱ्या ओल्या रंगाने वैतागले होते. त्यांच्या घराण्याचा गृहोपयोगी वस्तूंचा कारखाना होता आणि फवाऱ्यातला बराच रंग वस्तूला न लागता बाजूने निघून जाई. त्यांनी रंगाच्या तुषारांना विद्युतभार दिला. तुषार वळून वस्तूकडे जाऊ लागले. मग कोरड्या पावडरला भार का देऊ नये? १९४५ मध्ये डॅनियल गस्टिन यांनी नेमक्या याच पद्धतीसाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला. तरी धंदा उभा राहिला नाही. माझ्या मते कारण साधं आहे: फवारायचं तंत्र तयार होतं, फवारण्याजोगी पावडरच जन्माला आली नव्हती.

ती आली जर्मनीतून, आणि तीही आडवळणाने. एर्विन गेमर हे क्नापझाक-ग्रीसहाइम कंपनीत धातूवर प्लास्टिकचा थर देण्याच्या खटपटीत होते. तोवर लोक प्लास्टिकची भुकटी ज्वाळेतून फुंकून गरम धातूवर मारत; त्यात नासाडी फार. गेमरनी १९५३ मध्ये पेटंट अर्ज केला तो वेगळ्याच युक्तीसाठी. टाकीच्या तळाशी सच्छिद्र पाटा बसवायचा आणि खालून हवा सोडायची. वरची भुकटी फुगते, हलकी होते आणि उतू जायच्या बेतात आलेल्या दुधासारखी खदखदू लागते. तापवलेला धातूचा भाग तिच्यात बुडवून काढला की अंगभर थर बसतो. ही तरंगती टाकी मुळात गेमरांची नव्हती. फ्रिट्झ विंकलर यांनी १९२२ च्या पेटंटात बारीक कोळसा असा तरंगवून त्याचा गॅस केला होता. गेमरनी कोळशाच्या जागी प्लास्टिक घातलं.

या टाकीतून येणारा थर १५० ते ५०० मायक्रॉन जाडीचा असे. विजेच्या भागांचं आवरण, पाइप, तारेच्या जाळ्या यांना तो उत्तम. देखण्या वस्तूला तो बोजड दिसे. शिवाय हे प्लास्टिक पुन्हा तापवलं की पुन्हा मऊ होणारं. एकदा भाजलं की कायमचं घट्ट होणारी राळ हवी होती. ती स्वित्झर्लंडमध्ये आधीच सापडून गेली होती. कवळ्या आणि दंतसाहित्य करणाऱ्या डी ट्रे कंपनीसाठी पिएर कास्ताँ यांनी १९३८ च्या आसपास इपॉक्सी राळ बनवली. दातांच्या धंद्यात तिचं काही जमलं नाही. सीबा कंपनीने हक्क घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती अराल्डाइट या नावाने चिकटवण्यासाठी बाजारात आणली. फुटलेल्या चिनी मातीच्या कपाचा कान आपण ज्या दोन नळ्या कालवून जोडतो, त्याच कुळातली राळ पावडरमध्ये असते.

पण दोन नळ्यांतली राळ आणि हार्डनर एकत्र आले की लगेच घट्ट होऊ लागतात. पावडरमध्ये दोघांनी शेजारी शेजारी राहायचं, महिनोन् महिने गप्प बसायचं आणि ओव्हनमध्ये गेल्यावरच एकमेकांशी जुळायचं, अशी अट होती. जर्मनीतल्या बॉश कंपनीत विजेच्या आवरणासाठी अशी इपॉक्सी पावडर घडवली गेली. तरी एक अडचण उरली. राळ, हार्डनर आणि रंगद्रव्य नुसतं कोरडं मिसळलं तर फवारताना ते वेगळं होतं. जड कण आधी पडतात, हलके नंतर, आणि एकाच भागावर छटा बदलतात. १९६० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये पीटर डी लांगे यांनी सगळं मिश्रण प्लास्टिकच्या एक्स्ट्रूडरमधून गरम अवस्थेत मळून काढलं, थंड केलं आणि मग दळलं. आता प्रत्येक कणात सगळे घटक ठरल्या प्रमाणात आले. इतकं साधं दळणकांडण. पण माझ्या लेखी पावडर कोटिंग हा स्वतंत्र धंदा झाला तो त्या दिवशी. पुढच्या दोन-चार वर्षांत फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सामेस कंपनीच्या विद्युतभारित गन कारखान्यांत पोचल्या आणि गस्टिनच्या पेटंटला अखेर साजेशी भुकटी मिळाली.

त्यानंतर नशीब उघडलं ते कायद्याने. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेला रंगांतली द्रावकंही जबाबदार आहेत असं ठरल्यावर तिथे १९६६ मध्ये ‘नियम ६६’ आला आणि द्रावकांवर बंधनं पडली. १९७० मध्ये देशभराचा स्वच्छ हवा कायदा, १९७३ मध्ये तेलाचं संकट. ज्या रंगात द्रावकच नाही, त्याच्याकडे कारखानदार आपोआप वळले. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते, म्हणून बाहेरच्या कामासाठी पॉलिएस्टर पावडरी आल्या. त्यांतल्या टीजीआयसी या हार्डनरवर १९९८ मध्ये युरोपने विषारी असा शिक्का मारला आणि तिथे पर्यायी हार्डनर रुजले. पावडर कोटिंग म्हणजे निखळ निरुपद्रवी, असं ऐकलं की मला हा शिक्का आठवतो.

मोटारीने मात्र पावडरला अंगभर कधी स्वीकारलं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी अख्ख्या बॉडीवर प्रयोग केले. रंग बदलताना बूथ आणि नळ्या साफ करण्यातच जीव जाई, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत येई. यालाच धंद्यात ‘ऑरेंज पील’ म्हणतात. बीएमडब्ल्यूने १९९० च्या दशकात डिंगॉल्फिंगच्या कारखान्यात वरच्या पारदर्शक थरासाठी पावडर वापरली. १९९८ च्या छोट्या ‘स्मार्ट’ गाडीचा सांगाडा पावडरने रंगवलेला होता. बाकी पावडरच्या वाट्याला आली ती चाकं, स्प्रिंगा, ब्रॅकेट आणि चासी, म्हणजे दगड आणि चिखल खाणारे भाग. जुनी गाडी दुरुस्त करणारा हौशी माणूस नेमके हेच भाग सुटे करून टेबलावर मांडतो.

त्याच्यापर्यंत गन पोचायची तर ती आधी लहान व्हायला हवी होती. कारखान्यातली पावडर गन ६० ते १०० हजार व्होल्टवर चालते आणि सुरुवातीला एवढा दाब देणारं यंत्र वेगळं असे, जाड केबलने गनला जोडलेलं. वाट सापडली ती अणुविज्ञानातून. केंब्रिजच्या कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये लिथियमचा अणुगर्भ फोडला, तो कपॅसिटर आणि रेक्टिफायर यांची शिडी रचून दाब पायरीपायरीने चढवत नेऊन. १९५१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा ती शिडी मजलाभर उंच होती. अर्धवाहक डायोड आल्यावर ती गनच्या दांड्यात मावू लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या मोटारी दुरुस्त करायची हत्यारं विकणाऱ्या पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टवूड कंपनीने घरगुती संच बाजारात आणला आणि पाठोपाठ स्वस्त नकलाही आल्या. या गनचा दाब कारखान्याच्या मानाने फारच कमी. पण व्हॉल्व्ह कव्हरला तेवढा पुरतो. ओव्हनची सोय अमेरिकेत आयती आहे. स्वयंपाकघर नवं केलं की जुना विजेचा ओव्हन फुकटात निघतो आणि गॅरेजमध्ये २४० व्होल्टची जोडणी करून घेता येते.

गेमरांची टाकीही घरी पोचली आहे, आणि ती अजिबात अपेक्षा नसलेल्या माणसांकडे. मासे गळाला लावणारे अमेरिकी हौशी लोक गळाची शिशाची डोकी तापवून पावडरमध्ये बुडवतात. भांड्याच्या तळातून हवा सोडायला ते मत्स्यालयाचा पंप लावतात.

घरी करताना सगळ्यात छळते ती फॅरडेची करणी. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये धातूने मढवलेल्या पिंजऱ्यात बसून दाखवलं, की बाहेर विजेचा कितीही कल्लोळ असो, आत काही पोचत नाही. भागाच्या आतल्या कोपऱ्यात, दोन पात्यांमधल्या खाचेत पावडर जात नाही ती याचमुळे. कडांवर थर चढत राहतो आणि खोबण कोरडी राहते. जाणते लोक तिथे दाब कमी करतात, किंवा भाग आधी थोडा तापवून मग फवारतात. ओतीव ॲल्युमिनियमची वेगळी खोड. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षं मुरलेलं तेल आणि हवा भाजताना बाहेर येऊन कोटिंगवर फोड उठवते. म्हणून तो भाग कोरा असतानाच एकदा भाजून घ्यायचा.

खरे धोके मात्र वेगळे आहेत आणि ते कुणी हसण्यावारी नेऊ नयेत. हवेत तरंगणारी बारीक सेंद्रिय पूड ठिणगीने स्फोटासारखी भडकते. त्यामुळे जवळ ज्योत नको, गॅसचा ओव्हन तर नकोच नको. ज्या ओव्हनमध्ये पावडर भाजली त्यात पुन्हा अन्न शिजवायचं नाही. मास्क कापडाचा चालत नाही, बारीक कण अडवणारा लागतो. ब्रेकच्या घर्षणाच्या जागेवर कोटिंग करायचं नाही. आणि ॲल्युमिनियमची चाकं घरच्या बेभरवशाच्या ओव्हनमध्ये घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची ताकद उष्णतेची मात्रा सांभाळून दिलेली असते. काटा चुकला तर ती कमी होते आणि वरून काही कळत नाही.

चासीवर पावडर करावी का, यावर जुन्या गाड्यांच्या शौकिनांत कायम वाद रंगतो. मी विरोधकांच्या बाजूचा आहे. दगड लागून टवका उडाला की पाणी कवचाखाली शिरतं आणि वरचं चकचकीत आवरण तसंच ठेवून आत गंज पसरत जातो. ओल्या रंगाला ब्रशने डागडुजी करता येते, पावडरला नीट करता येत नाही. पूर्ण सोलून काढायचं तर जोरदार रसायन लागतं. त्यातलं सर्वांत परिणामकारक मिथिलीन क्लोराइड घरगुती रंगकाढणीसाठी विकायला अमेरिकेने २०१९ मध्ये बंदी केली. लहान सुटे भाग, इंजिनाभोवतीची कव्हरं, ब्रॅकेट यांना मात्र पावडरसारखं दुसरं काही नाही.

आपल्याकडे हा उद्योग घरी फारसा शिरला नाही आणि शिरायची गरजही नाही. भोसरी, चिंचवड, चाकण, नाशिकचं सातपूर, अंबड, वाळूज. जिथे मोटारीचे कारखाने तिथे एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉब वर्क करणारी छोटी युनिटं आहेत. घरातलं लोखंडी कपाट आणि खिडकीची ॲल्युमिनियमची चौकटही अशाच बूथमधून आलेली असते. जुनी बुलेट किंवा जीप सजवणारे लोक भाग पिशवीत घालून तिथेच नेतात. बहुतेक जण पोचल्या पोचल्या शेड कार्ड मागतात आणि १९२७ पासून चालत आलेल्या जर्मन आरएएल पद्धतीचा नंबर निवडण्यात अर्धा तास घालवतात. तुम्ही गेलात तर नंबर शेवटी सांगा. आधी विचारा, सेव्हन टँक प्रोसेस, म्हणजे ओशटपणा काढण्यापासून फॉस्फेट चढवण्यापर्यंतच्या टाक्यांची रांग, आहे का, की नुसतं कापडाने पुसून फवारता? पावडर इपॉक्सी आहे की पॉलिएस्टर? किती मायक्रॉन देणार, आणि ते मीटर लावून दाखवणार का? पहिल्याच प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर पिशवी उचला आणि पुढच्या शेडमध्ये जा.